एका चित्रासाठी तीन तास

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना वसंताच्या तोंडावर, साधारण मार्चमध्ये, आठवडाभराची सुट्टी मिळते. स्प्रिंग ब्रेक म्हटलं की फ्लोरिडाचा किनारा डोळ्यांसमोर येतो, आणि त्याला इतिहासही आहे. 1930च्या दशकात फोर्ट लॉडरडेलच्या तलावावर सरावाला येणाऱ्या महाविद्यालयीन जलतरणपटूंपासून ही प्रथा रुजली. पण या सुट्टीत निघणारी तरुण मुलांची आणखी एक वाट आहे, ती संग्रहालयांच्या शहरांकडे जाते: बोस्टन, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, शिकागो. पुण्यामुंबईहून एमएस करायला गेलेली मराठी मुलंही पहिल्याच मार्चमध्ये याच वाटेला लागतात. आठ दिवसांत चार शहरं आणि सहा संग्रहालयं असा बेत ठरतो, आणि घरी फोनवर सांगताना तो मोठा भरगच्च वाटतो. कलेच्या दृष्टीने हा बेत तोट्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे. एवढ्या सुट्टीत दोन किंवा तीन कलाकृती पाहाव्यात, प्रत्येकीला काही तास द्यावेत, आणि उरलेलं सगळं निश्चिंतपणे सोडून द्यावं.

संग्रहालयात माणसं चित्रासमोर किती वेळ थांबतात, हे मोजलं गेलेलं आहे. जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये निवडक श्रेष्ठ चित्रांसमोरच्या प्रेक्षकांचं निरीक्षण केलं आणि 2001 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी 27 सेकंदांच्या आसपास होती, आणि निम्म्या लोकांनी 17 सेकंदांपेक्षा जास्त वेळ दिलाच नव्हता. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तसाच अभ्यास झाला, तेव्हाही आकडा फारसा हलला नाही. मधल्या काळात मोबाइल आला होता आणि त्या सेकंदांतला काही वाटा चित्राबरोबर स्वतःचा फोटो काढण्यात जाऊ लागला होता. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाच एका संग्रहालयात फिरवलं. ज्या वस्तूंचे विद्यार्थ्यांनी नुसते फोटो काढले, त्या वस्तू आणि त्यांचे तपशील त्यांना कमी आठवले. ज्या नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या, त्या जास्त आठवल्या. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो घेतला, तर आठवण तशी उणावली नाही. दोष यंत्रावर ढकलून मोकळं होता येत नाही. लक्ष कुठे तरी नेमकं टेकलं होतं का, यावर सगळं अवलंबून आहे.

लक्ष टेकलं तर काय हाती येतं, याचं उत्तम उदाहरण हार्वर्डच्या कला-इतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स यांनी मांडलं आहे. त्या आपल्या विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर सलग तीन तास बसायला सांगतात आणि काय काय दिसत गेलं याची नोंद ठेवायला लावतात. मुलं आधी कुरकुरतात, तीन तास पाहण्यासारखं असतं तरी काय, असं विचारतात. रॉबर्ट्स यांनी हा प्रयोग स्वतःही केला. चित्र होतं बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधलं, जॉन सिंगलटन कॉप्ली यांचं ‘खारीसह मुलगा’, 1765 सालचं. टेबलाशी बसलेला एक मुलगा, हातात बारीक साखळी, साखळीला पाळलेली उडणारी खार, जवळ पाण्याचा पेला, मागे लाल पडदा. नवव्या मिनिटाला त्यांच्या ध्यानात आलं की मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटावरच्या केसाळ किनारीत जसाच्या तसा उतरला आहे. एकविसाव्या मिनिटाला दिसलं की साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर आणि खालच्या पेल्याचा व्यास एकच आहे. पडद्याच्या सहज पडल्यासारख्या भासणाऱ्या चुण्यांमध्ये त्याच मुलाचे कान आणि डोळे लपले आहेत, हे कळायला पाऊण तास लागला. डोळे तेच होते आणि चित्रही तेच होतं. पहिल्या मिनिटाला यातलं काहीही दिसलेलं नव्हतं, आणि हे सगळं पाहायला चित्रकलेचं विशेष शिक्षणही लागत नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही कान आणि चुणी यांचं साम्य दिसेल, तेवढा वेळ तो तिथे असला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो संगणकाच्या पडद्याचा. संग्रहालयं आपल्या चित्रांच्या अतिशय सूक्ष्म प्रतिमा इंटरनेटवर ठेवतात, रंगाच्या थरातली भेगसुद्धा घरबसल्या दिसते, मग तीन तास घरीच का देऊ नयेत? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचं उत्तर कॉप्लींच्याच आयुष्यात सापडतं. कॉप्ली बोस्टनमध्ये वाढले. त्यांचे सावत्र वडील पीटर पेल्हॅम छापचित्रं करत. युरोपातल्या श्रेष्ठ चित्रांची ओळख कॉप्लींना झाली ती मुख्यतः अशा काळ्यापांढऱ्या छापांतून. त्या छापांवर त्यांनी एवढी मजल मारली की खारीचं हे चित्र जहाजाने लंडनला गेलं आणि 1766 साली तिथल्या सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात लागलं, तेव्हा सर जोशुआ रेनॉल्ड्ससारखा नामवंत चित्रकार प्रभावित झाला. म्हणजे नकलेतून खूप शिकता येतं, हे मान्य केलंच पाहिजे. पण रेनॉल्ड्सनी लगेच दोषही दाखवले: रेखाटनात कडकपणा आहे, छायांमध्ये गारठा आहे, आणि वेळ निघून जाण्याआधी या चित्रकाराने युरोपात येऊन मूळ चित्रं पाहावीत. छापातून रेषा समुद्र ओलांडून गेली होती. रंगाची ऊब आणि कडांचा मऊपणा छापात उतरतच नाही, आणि कॉप्लींच्या चित्रात उणीव राहिली ती बरोबर तिथेच. पुढे 1774 मध्ये ते युरोपला गेले आणि परत आले नाहीत.

आजची प्रतिमा छापचित्राच्या कितीतरी पुढे गेली आहे, तरी दोन गोष्टी तिच्यातून अजून निसटतात: आकार आणि अंतर. शिकागोतलं फ्रेंच चित्रकार सुरा याचं ‘ग्रांद जात’ हे चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. लांबून बेटावरची रविवारची गर्दी दिसते. चार पावलं पुढे गेलं की माणसं विरघळतात आणि ठिपके उरतात, मागे सरलं की माणसं परत येतात. हे चित्र पाहताना पाय वापरावे लागतात. त्यातली आणखी एक गोष्ट थोडा वेळ दिल्यावरच उमगते. सुराने वापरलेला जस्ताचा पिवळा रंग काही वर्षांतच काळवंडला, त्यामुळे उन्हातल्या गवतावरचे कितीतरी ठिपके आज तपकिरी आणि मळकट दिसतात. मूळ रंग कसे असतील याची संगणकावर केलेली पुनर्रचना उपलब्ध आहे आणि ती पाहण्याजोगी आहे. पण तिचं मोल कळण्यासाठी आधी तो मळकटपणा चित्रासमोर उभं राहून डोळ्यांना खुपलेला असावा लागतो.

दुसरा आक्षेप तारुण्याचा आहे. या वयात भरपूर पाहावं, आवड कुठे आहे ते त्यातूनच कळतं, असं वडीलधारी माणसं सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पहिला अर्धा दिवस दालनांतून मोकळेपणी हिंडावं, हे मलाही पटतं. मात्र सतरा सेकंदांत जे आवडतं ते बहुधा आधीच प्रसिद्ध असतं, आपण त्याला फक्त ओळख दाखवतो. स्वतःची आवड सापडायला परत जावं लागतं. रिचर्ड डिबेनकॉर्न हा अमेरिकी चित्रकार स्टॅनफर्डमधला विद्यार्थी. महायुद्धात तो मरीन दलात गेला आणि 1944 मध्ये वॉशिंग्टनजवळच्या क्वांटिको तळावर होता. मोकळा वेळ मिळाला की तो शहरातल्या फिलिप्स कलेक्शनमध्ये जाई आणि फ्रेंच चित्रकार मातीसचं 1916 सालचं एक चित्र पुन्हा पुन्हा पाही: नदीकाठची खोली, खिडकी, खिडकीबाहेरचं शहर. फिलिप्स हे घरात मांडलेलं लहानसं संग्रहालय, बसून पाहावं अशा बेताचं. पुढे 1967 पासून त्याने ‘ओशन पार्क’ ही चित्रमालिका केली. तिच्यातल्या उभ्याआडव्या पट्ट्या आणि खिडकीतून आल्यासारखा प्रकाश पाहिला की तो विशीतला तरुण कशासमोर उभा राहिला होता, हे अभ्यासकांना वेगळं सांगावं लागत नाही. चार सुट्ट्यांत चार शहरं केली असती तर हे घडलं असतं का, याची मला दाट शंका आहे.

आपल्याकडेही याचा मोठा दाखला आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याला मुक्काम करून भित्तिचित्रांच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांच्यातलेच. त्यांतल्या अनेक नकला 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आगीत गेल्या. पण भिंतीसमोर घालवलेले ते महिने त्या मुलांच्या हातात उतरलेले होते, ते जळण्यासारखे नव्हते. या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून त्या काळात भिंतींवर वार्निश चढवलं गेलं आणि त्याने चित्रांचं नुकसानच केलं. दीर्घकाळ पाहणाऱ्यालाही संयमाची मर्यादा लागते, आणि आज संग्रहालयं जी अंतराची रेघ आखतात तिचं कारण असल्या अनुभवांत आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र वेगळाच आहे: माहिती नसेल तर तीन तास पाहून माणूस स्वतःच्याच कल्पना चित्रावर लादेल. हे खरं आहे. बोटांमधलं अंतर आणि पेल्याचा व्यास सारखा आहे हे डोळ्यांना कळतं. पण बोस्टन आणि लंडन यांच्यामध्ये महासागर होता, चित्रावरचा अभिप्राय परत यायला महिने लागत, आणि त्या दुराव्याची जाणीव या चित्राच्या रचनेतच शोधता येते, हे रॉबर्ट्स यांना इतिहासाच्या अभ्यासातून उमगलं. म्हणून त्या फक्त पाहायला लावून थांबत नाहीत, त्यानंतर विद्यार्थ्याने त्या चित्रावर संशोधन करून निबंध लिहायचा असतो. क्रम महत्त्वाचा आहे. चित्राशेजारचा माहितीफलक आधी वाचला की डोळे फलकाची सत्यता तपासत बसतात. आधी पाहिलं की प्रश्न आपले असतात, आणि मग पुस्तक उघडताना माणूस काही तरी शोधत असतो.

राहिला पैशाचा मुद्दा, तर तो माझ्याच बाजूचा आहे. चार शहरांची तिकिटं आणि हॉटेलं यांपेक्षा एका शहराचं बसभाडं कमी पडतं. 1941 मध्ये उघडलेल्या वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि तिथे चित्रांसमोर इझल लावून नक्कल करण्याची परवानगी देण्याची प्रथा तेव्हापासून आहे. येल विद्यापीठाचं कलासंग्रहालयही सर्वांना मोफत खुलं आहे. ज्या विद्यार्थ्याला सुट्टीतही ग्रंथालयात किंवा उपाहारगृहात काम करावं लागतं, त्याला यातला एक दिवस जमू शकतो. चार शहरांचा बेत त्याच्यासाठी कधी नव्हताच. विद्यापीठांनी या मुलांसाठी मार्चमध्ये सहली काढाव्यात, वाटेत एकच संग्रहालय ठेवावं, तिथे सकाळपासून दुपारपर्यंत वेळ द्यावा आणि प्रत्येकाच्या हातात एक कोरी वही द्यावी.