अर्धवट उघडे कपाट



इटलीतील व्हेरोना शहरात सांता मारिया इन ऑर्गानो हे जुने चर्च आहे. तेथे मठवासी प्रार्थनेला बसत त्या आसनांच्या पाठींवर कपाटे दिसतात. जाळीचे दार अर्धवट उघडे, आत पुस्तके ठेवलेली. हात लावला की कळते, कपाट नाहीच, ती सपाट फळी आहे! फ्रा जोव्हानी या संन्याशाने १५व्या शतकाच्या अखेरीस निरनिराळ्या लाकडांचे पातळ तुकडे कापून, एकमेकांत बसवून हे चित्र साधले. या कलेला इंटार्सिया म्हणतात. लाकडाला हवी ती छटा यावी म्हणून तो ते रंगाच्या पाण्यात उकळीत असे, असे वासारीने लिहून ठेवले आहे.

प्रभूच्या मंदिरात खोटे कपाट चालते का?

लबाडीचे मूळ संत ऑगस्टीन फसवण्याच्या इच्छेत शोधतात. फ्रा जोव्हानीची तर इच्छा दिसते की आपण जवळ यावे, बोटाने चाचपावे आणि हसावे. प्लायवूडवर सागाचे विनियर चिकटवून ‘अस्सल सागवान’ म्हणून विकणाऱ्याला मात्र गिऱ्हाइकाने फळीची कड पाहू नये असे वाटते. दोष विनियरचा नव्हे. आमचे जेवणाचे टेबलही विनियरचेच आहे.

आता आमची गोष्ट. पूर्वीच्या एका धर्मग्रामात मुलीचे वडील स्थळाची चौकशी करायला आमच्याकडे आले. मुलगा दारू पितो हे आम्हांला ठाऊक होते. गुपचूप नव्हे, वाटेवर पाहिलेले. आम्ही म्हणालो, “घराणे चांगले आहे. आई रोज मिस्साला येते.” शब्द न् शब्द खरा होता. त्यांनी आणखी काही विचारू नये म्हणून आम्ही चहा मागवला.

दोन वर्षांनी ती मुलगी माहेरी परतली. वडील आम्हांला एक शब्दही बोलले नाहीत.

कुणाचा झाकलेला दोष विनाकारण उघडा करणे हेही पाप आहे, हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. त्या दिवशी त्याच शिकवणीचा आम्ही आडोसा घेतला. पण तेथे कारण होते. ते समोर खुर्चीवर बसले होते.

हल्ली चौकशीला कुणी आले आणि आम्हांला असे काही ठाऊक असले, तर आम्ही आधी मुलाला बोलावतो. “तू स्वतः सांग. आठ दिवस देतो. नाही सांगितलेस तर ‘या स्थळाची शिफारस मी करू शकत नाही’ एवढे मी त्यांना सांगेन.” काहीजण सांगतात. एकाने आमच्याशी बोलणे टाकले आहे.