अंधारातला गळ

माणूस सरळ वागतो तो कुणी पाहत असते म्हणून, की सरळपणा त्याच्या अंगचाच असतो म्हणून? प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात एका मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला अशी अंगठी सापडते, की ती बोटात फिरवताच तो अदृश्य होई. अदृश्य होता येते म्हटल्यावर त्याने राजाला मारले आणि राज्य घेतले. अशी अंगठी हाती आल्यावरही जो भला राहील, असा कोणी आहे काय?

आमच्या परभणी जिल्ह्यात ही अंगठी काही गरीब माणसांच्या बोटात रोज रात्री चढते. गंगाखेडच्या बाजूला गोदावरीत, किंवा जिंतूर तालुक्यात पूर्णेवर १९६८ साली पुऱ्या झालेल्या येलदरी धरणाच्या पाण्यात, रात्री मासे धरणारे भोई पाहावेत. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी सीलच्या कातड्याची कयाक नावाची अरुंद होडी केली. आज हौशी लोक तसल्या होडीतून जगभर मासेमारी करतात. आमच्या भोयाची कयाक म्हणजे थर्माकोलच्या ठोकळ्यांचा तराफा. एक माणूस, एक फळकूट, गळ आणि गांडुळे.

तो ज्याच्या मागावर असतो तो शिंगटा, शिवडा या जातीचा मिशाळ मासा. याला खवले नसतात. गढूळ पाण्यात आणि काळोखात त्याला डोळ्यांवाचून अडत नाही. मिशांनीच नव्हे, तर अंगभरच्या कातडीने तो चव घेतो. म्हणून रात्र हीच त्याची जेवणाची वेळ, आणि म्हणून तीच गळाची वेळ.

पण रात्रीला दुसराही उपयोग आहे. डोहात सुरुंगाचा एक तोटा टाकला किंवा विष कालवले, की तासाभराचे काम क्षणात होते. मोठ्या माशाबरोबर बोटाएवढी पिल्लेही वर येतात. १८९७ च्या कायद्याने या दोन्ही गोष्टींना बंदी केली. तथापि कायद्याला डोळे असतात ते दिवसाचे. मध्यरात्री डोहावर पहारा कोणाचा?

यावर शहाणी माणसे म्हणतात, स्वार्थाचा. ज्याला उद्या त्याच डोहावर यायचे आहे, तो आज डोह नासवणार नाही. हे खरे आहे, पण अर्धेच. डोह एकट्याचा नसतो. मी राखलेले शेजारी पळवणार असेल, तर स्वार्थ उलट सांगतो की तूच आधी लूट. नदीकाठची भूक तर हे फार मोठ्याने सांगते.

पावसाळ्याच्या तोंडी या माशांच्या माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात. तशी मादी गळाला लागली की सोडून देणारा एक म्हातारा भोई मला ठाऊक आहे. मी त्याला म्हटले, “बाबा, तुम्ही सोडली तरी पुढच्या वळणावर दुसरा धरीलच की.”

तो म्हणाला, “धरील, गुर्जी. त्येचं त्येच्यापाशी. माझ्या हातानं पोटुशी मेली न्हाई, एवढंच माझं.”

या उत्तरात नफ्याचा हिशेब नाही. देवाचे भयही त्याने मध्ये आणले नाही. कोणी म्हणेल, जो गांडुळात गळ लपवून मासा फसवतो, त्याने दयेच्या गोष्टी सांगाव्यात काय? मला उलट वाटते. ज्याचे पोटच हिंसेवर चालते, त्यालाच प्रत्येक रात्री ठरवावे लागते की ती कोठे थांबवायची. ज्यांना असे ठरवावे लागत नाही त्या आपणा पांढरपेशांचे हात स्वच्छ दिसतात. पण ते पुष्कळदा केवळ दुसऱ्याचे हात आपल्यासाठी ओले झाले म्हणून.

प्लेटोच्या प्रश्नाला मोठी उत्तरे पुष्कळ आहेत. मला हे छोटे उत्तर पुरते. अंधारात जग पाहत नाही, पण ज्या हाताने दोर धरला आहे तो हात आपलाच असतो. आणि सकाळी त्याच हाताने लेकराला घास भरवायचा असतो.