काट्यांचं कुंपण आणि अर्धं झालेलं घर

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



बेटम्याच्या एका साधक कुटुंबाचा प्रश्न आला आहे. जुन्या घराचं काम काढलं. दोन महिन्यांत होईल असं मिस्त्री म्हणाला होता, आता पाचवा महिना चालू आहे. स्वयंपाक जिन्याखाली, देव कपाटात, मुलांचा अभ्यास सिमेंटच्या पोत्यांशेजारी. तेही एक वेळ चालतं. पण शेजारचे काका रोज दारात येऊन भांडतात. कधी वाळू त्यांच्या ओट्यावर आली म्हणून, कधी कटरच्या आवाजावरून, कधी मधल्या भिंतीला ओल आली म्हणून. ताईंनी लिहिलं आहे, "जपाला बसते, पण प्रत्येक मण्याला त्यांचाच आवाज ऐकू येतो. आम्ही काय करावं?"

मंडळी, हा प्रश्न एकट्या त्या घराचा नाही. प्रवासात भेटलेला वाईट माणूस स्टेशन आलं की सुटतो. शेजारी सुटत नाही. म्हणूनच आपली साधना खरी किती मुरली आहे, हे देवघरापेक्षा दारात जास्त कळतं.

असाच शेजार तुकोबारायांना होता. १६३० च्या सुमाराचा मोठा दुष्काळ झाला. धंदा बसला, घरातली माणसं गेली. अशा वेळी तुकोबांनी काय हाती घेतलं? पूर्वज विश्वंभरबुवांचं देहूतलं विठ्ठलाचं पडकं देऊळ. दगड-माती वाहून त्यांनी ते स्वतः दुरुस्त केलं. संसार मोडलेला आणि हातात बांधकाम! आपल्या ताईंच्या जिन्याखालच्या स्वयंपाकघरापेक्षा ते दिवस नक्कीच कठीण होते.

त्या देवळाशेजारी मंबाजी गोसावी राहत. त्यांची बाग होती, भोवती काट्यांचं कुंपण. महिपतिबुवांनी १७७४ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तलीलामृता'त ही कथा येते. तुकोबांच्या सासऱ्यांनी, आप्पाजींनी, दुधासाठी एक म्हैस दिली होती. ती बागेत शिरली आणि झाडांची नासाडी झाली. मंबाजी संतापले. पुढे त्यांच्या कुंपणाचे काटे प्रदक्षिणेच्या वाटेवर आले. एकादशीला लोक अनवाणी येणार, म्हणून तुकोबांनी ते बाजूला केले. मंबाजींनी त्याच काटेरी फांद्यांनी त्यांना मारलं. तुकोबा उलटून एक शब्द बोलले नाहीत. रात्री कीर्तनाला मंबाजी आले नाहीत, अंग दुखतंय असा निरोप आला. तेव्हा तुकोबा स्वतः त्यांच्या घरी गेले, त्यांचे हातपाय चेपले आणि दोष आपल्याकडे घेतला. मंबाजी शरमले आणि कीर्तनाला आले.

ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण आपण सांगताना थेट माराशी येतो आणि एक गोष्ट गाळतो. *म्हशीने नुकसान खरंच केलं होतं.* मंबाजींचा राग प्रमाणाबाहेर होता, पण त्यांची पहिली तक्रार खोटी नव्हती.

आपलं इथेच चुकतं. समोरचा ओरडून बोलला की आपण त्याचा आवाज तेवढा धरतो आणि त्यातली खरी गोष्ट सोडून देतो. "बोलायची काय ही पद्धत?" असं म्हटलं की वाळू उचलायची जबाबदारी संपली! ताई, काकांचा सूर बाजूला ठेवा आणि तक्रारींची यादी करा. वाळू त्यांच्या ओट्यावर जाते का? हो. कटर दुपारी, म्हातारी माणसं आडवी होतात त्याच वेळी चालतो का? हो. भिंतीला ओल आपल्याकडच्या नळामुळे आली का? हे प्लंबरला दाखवल्याशिवाय नाही म्हणू नका. जे खरं असेल ते आधी नीट करा. माफी मागायची तर तिथली मागा. उरलं ते त्यांचं त्यांच्यापाशी.

आता कोणी विचारेल, मग रोज शिव्या खायच्या का? नाही. तुकोबांनी मार सोसला, पण देवळाची वाट काट्यांत ठेवली नाही. लोकांच्या पायांसाठी जे करायचं ते केलंच. तसंच आपलं काम न्याय्य असेल तर ते थांबवू नका. कोणी अंगावर आलं, घरच्या बायकामुलांना धमकावलं, तर चार मोठ्या माणसांना मध्ये घ्या, गरज पडली तर पोलिसांत जा. त्यात भक्तीला बाधा नाही. फक्त घरी येऊन रात्रभर मनात तेच भांडण पुन्हा पुन्हा भांडू नका.

आणि आपण चांगलं वागलो म्हणून शेजारी बदलेलच, असाही हिशोब नको. बहिणाबाई देहूला आल्या तेव्हा मंबाजींनी त्यांच्या कुटुंबालाही छळलं, गाय कोंडून तिला मारहाण केली, असं त्यांच्याच आत्मचरित्रपर अभंगांतून कळतं. म्हणजे एखाद्या कीर्तनाने स्वभाव कायमचा जातोच असं नाही. तुकोबा हातपाय चेपायला गेले ते मंबाजींना जिंकण्यासाठी नाही. त्यांना स्वतःच्या मनात काटा ठेवायचा नव्हता.

बेटम्याच्या मंडळींना तर हे सांगायलाही नको. तुमच्या गावातल्या गुरुद्वाऱ्याच्या बावडीबद्दल शीख परंपरा सांगते की गुरु नानकदेव इथे आले आणि खारं पाणी गोड झालं. गावात इतकी मोठी आठवण असताना आपल्या दारातली वाणी खारट का ठेवायची?

अजून एक पाहा. आपलं घर अर्धं झालं आहे, तरी आपण त्यात राहतोच ना? प्लॅस्टर नाही म्हणून घर सोडलं नाही. ते काकाही तसेच समजा. त्यांच्यातलंही काही काम राहिलं आहे. आपल्यातलंही राहिलंच आहे. सद्गुरूंनी आपल्याला पूर्ण झाल्यावर जवळ घेतलं का? मलबा पडलेला असतानाच घेतलं.

*या आठवड्याची साधना*
१) रोज काम संपलं की आपल्याआधी शेजाऱ्यांचा ओटा झाडून घ्यावा.
२) आवाजाचं काम कधी चालणार, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगावं. मुलाला पाठवू नये.
३) जपाची शेवटची एक माळ त्या शेजाऱ्याच्या नावाने करावी. जमणार नाही असं वाटेल त्या दिवशी तर नक्की करावी.

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर हे घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. कोणाच्या मनात कोणता काटा आहे ते एकमेकांना विचारावं. फॉरवर्ड करण्याआधी एकदा ओटा झाडून यावा 🙏

॥ राजाधिराज सद्गुरुनाथ महाराज की जय ॥