विद्वानाचे माहेर

विद्येसाठी परदेशी गेलेल्या मनुष्याने स्वदेशी परत यावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तापलेल्या डोक्याने चर्चिला जातो. एक पक्ष म्हणतो, ज्या भूमीने अन्न व अक्षर दिले तिला पाठ दाखविणे ही कृतघ्नता होय. दुसरा म्हणतो, ज्ञानास देश नाही. जेथे प्रयोगशाळा व ग्रंथालय असेल तेथे संशोधकाने राहावे, त्याच्या शोधाचा लाभ साऱ्या जगास आणि म्हणून आपल्यासही होतोच. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण दोन्ही पक्षांची दृष्टी जाणाऱ्यावरच खिळलेली असते. जे घरी राहिले त्यांचा विचार केल्यावाचून या प्रश्नाचा निर्णय लागणार नाही, असे आमचे मत आहे.

आपण खानदेशापुरतेच पाहू. जळगाव-धुळ्याकडील शेतकऱ्याचा वा शाळामास्तराचा मुलगा जर्मनीत किंवा अमेरिकेत संशोधन करीत आहे, हे ऐकून आज कोणास नवल वाटत नाही. दोन-तीन वर्षांनी तो महिनाभरासाठी येतो. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे जळगावच्या फलाटावर उतरतो, तेव्हा त्याच्या मनात जे गाव असते ते तो गेला त्या दिवसाचे असते. गावाने मात्र त्याच्यासाठी थांबून राहण्याचे वचन दिलेले नसते. आजीची खाट रिकामी झालेली असते. भावाभावांत शेताची वाटणी झालेली असते. सोबत्यांची मुले त्याला ओळखत नाहीत. पारावरचा म्हातारा विचारतो, ‘कव्हय उना?’ आणि त्या पाठोपाठ, ‘कव्हय जाशी?’ ज्याला आल्याबरोबर जाण्याची तारीख विचारली जाते तो घरातील माणूस राहिलेला नसतो. तो पाहुणा झालेला असतो. पाहुण्यास भरीत-भाकरी अगत्याने मिळते, पण घरातले कर्ज किंवा तंटा त्याच्यासमोर काढला जात नाही. अगत्याची ही भिंत हेच परदेशस्थाचे खरे दुःख होय.

हे दुःख खानदेशास अपरिचित नाही. आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधून गाणी म्हणतात आणि थोड्याच दिवसांत सासरी परततात. त्यांच्याही जाण्याचा दिवस येतानाच ठरलेला असतो. भेद इतकाच की मुलीला पाठविले जाते आणि विद्वान आपल्या इच्छेने जातो. परंतु त्या मुलीचे माहेर राखते कोण? तिची आई, आणि ती आईही आपले माहेर सोडूनच या घरी आलेली असते. असोद्यास जन्मलेल्या व जळगावी नांदलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेत माहेराचे जे चिंतन आहे त्याचे मर्म आम्हांस हेच दिसते, की माहेर आपोआप टिकत नाही. कोणीतरी एका जागी पाय रोवून ते पुढच्या पिढीसाठी उभे ठेवावे लागते.

आता आपल्या पूर्वसूरींकडे वळू. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या धर्माचा शोध घेत नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश हिंडले. पुढे कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा सोडून, महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहावे या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपये त्यांनी पत्करले. ते १९१० साली हार्वर्डला गेले. परतल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. पुन्हा अमेरिका झाली, रशिया झाला. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ त अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १९१२ त परत आले आणि मराठीस तेवीस खंडांचा ज्ञानकोश देऊन गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट याहून निराळी. क्रांतिकार्यामुळे त्यांना मायदेशाचे दार बंद झाले. मेक्सिकोत त्यांनी मका व गहू यांवर संशोधन केले, तेथील शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते परतले व १९६७ त नागपुरास निवर्तले.

परतणे हेच सर्व कर्तव्य मानले, तर खानखोज्यांची उमेदीची वर्षे वाया गेली असे म्हणावे लागेल. मेक्सिकोच्या शेतकऱ्यास तसे खचित वाटणार नाही. उलट ज्ञानाला देश नाही हेच अंतिम सत्य मानले, तर कोसंबींचे पन्नास रुपये हा निव्वळ वेडेपणा ठरतो. तसे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. तेव्हा दोन्ही मापे अपुरी आहेत.

तिसरे माप धुळ्यास सापडते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी समुद्र ओलांडला नाही; दप्तरांसाठी त्यांनी महाराष्ट्र मात्र पायांखाली घातला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यास निवर्तले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच गावच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मठोमठी हिंडून रामदासी बाडे जमविली. त्यांच्यासाठी समर्थ वाग्देवता मंदिर झाले. तिकडे अमळनेरास प्रतापशेटजींच्या औदार्याने १९१६ त तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. आज एखादा संशोधक कोणत्याही दूर देशातून धुळ्यास येऊन जुने बाड उघडतो, तेव्हा ते त्याच्यासाठी राखून ठेवणारा कोणीतरी येथे राहिलेला होता. आईच्या हातची भाकरी एका पिढीस पुरते. अशी घरे अनेक पिढ्यांस पुरतात.

यावर कोणी म्हणेल, की घर तरी परतणाऱ्यास काय देते? आक्षेप रास्त आहे. आमच्या महाविद्यालयांत मंजूर जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि बुद्धिमान तरुण तासिकेच्या हिशेबाने राबत राहतात, हे आम्ही रोज पाहतो. अशा घरी परत येण्याचा उपदेश करणे सोपे आणि निर्लज्जपणाचे आहे. जे माहेर लेकीस टेकावयास जागा देत नाही त्याने ती आली नाही म्हणून रुसू नये. म्हणून ऋण एकट्या जाणाऱ्यावर नाही. राहणाऱ्यांवरही दार उघडे ठेवण्याचे ऋण आहे.

परंतु घराच्या दोषाने जाणाऱ्याचे ऋण फिटत नाही. तो कोठे राहतो हा प्रश्न गौण आहे. त्याच्या जाण्याने वा येण्याने मागून येणाऱ्यासाठी घराची एक तरी भिंत भक्कम होते काय, हा खरा प्रश्न आहे. दूर राहूनही येथील एखाद्या विद्यार्थ्यास वाट दाखविता येते, आपल्या विषयावर मराठीत लिहिता येते, गावच्या ग्रंथालयाची काळजी वाहता येते. उलट कायमचा परत येऊन जो सत्काराच्या शालीच तेवढ्या गोळा करतो, तो जवळ राहूनही पाहुणाच होय. पारावरच्या म्हाताऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नास तारखेखेरीज आणखी एक उत्तर ज्याच्यापाशी असेल, की मी गेल्यावर येथे अमुक एक काम चालू राहील, त्याला पाहुणा म्हणण्याचा अधिकार गावास उरत नाही.