शहर केवढं?

पहाटे नळाला पाणी आलं की कोल्हापूरची आमची मंगळवार पेठ जागी होते. गल्लीभर बादल्या-घागरींचा आवाज सुरू होतो. पेठेतली पाटाकडील तालीम आज फुटबॉलसाठी गाजते, पण तिच्या नावातला पाण्याचा पाट मला सकाळी हमखास आठवतो.

या शहराला पाणी नेहमी बाहेरूनच आलं. आधी कळंबा तलावाचं, मग बालिंगा-शिंगणापूरच्या उपशातून आलेलं आणि 2023 च्या दिवाळीपासून राधानगरी तालुक्यातल्या काळम्मावाडी धरणाचं. सुमारे 53 किलोमीटरची थेट पाईपलाईन! यांतलं एकही ठिकाण शहराच्या हद्दीत नाही.

ती हद्द 66.82 चौरस किलोमीटरची. 1854 साली नगरपालिका झाली, 1972 साली महापालिका. दर्जा वाढला, पण तेव्हापासून हद्द मात्र वाढली नाही. 2011 च्या जनगणनेत या हद्दीत साडेपाच लाख माणसं मोजली गेली आणि निधीचा विचार होतो तो अशाच आकड्यांवर. पण सकाळी सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरच्या रांगेत उभं राहून बघा. गगनबावड्याची म्हातारी असते, शाहूवाडीची बाळंतीण असते. महापालिकेची केएमटी बस शहराची वेस ओलांडून गावोगाव जाते. कॉलेजची मुलं, भाजीवाल्या मावश्या, गवंडी, सगळे दिवसभर शहराचे रस्ते वापरतात आणि संध्याकाळी आपल्या गावी परततात. शहर चालतं तेही त्यांच्याच कष्टावर. सेवा देताना कोल्हापूर फार मोठं असतं, मोजताना लहान.

म्हणून हद्दवाढ व्हावी, असं मला मनापासून वाटतं. तरी तिला विरोध करणाऱ्या आसपासच्या गावांवर मी रागावू शकत नाही. घरफाळा वाढेल, रानावर आरक्षण पडेल, आणि शहरातल्याच उपनगरांत ज्या गटारी-रस्त्यांसाठी माणसं हेलपाटे घालतात, तेच आपल्याही वाट्याला येईल, ही त्यांची भीती खरी आहे. 2017 साली हद्दवाढीऐवजी 42 गावांचं विकास प्राधिकरण आलं, पण त्यानं ही भीती गेली नाही.

हद्दवाढीसाठी मोर्चे आपण पेठकरांनी पुष्कळ काढले. आता एकदा त्या गावांच्या ग्रामसभेत पाहुणे म्हणून जाऊया. तुमचं पाणी आम्ही कित्येक वर्षं पितोय, हे आधी आपल्या तोंडानं सांगूया. आणि मग विचारूया, तुम्हाला शहराकडून काय हवंय?