दाम आणि ऋण

दाम मोजले म्हणजे देणे फिटले, असे व्यवहार सांगतो. आणि हे सांगणे सर्वस्वी खोटे आहे असे आमच्याने म्हणवत नाही. जुन्या पंगतीत पान मांडण्यापूर्वी जात पाहिली जाई. शहरातील खाण्याच्या दुकानांनी हळूहळू ती चौकशी सोडून दिली, ती पुष्कळ अंशी पैशामुळेच. परंतु दाम आणि ऋण या दोन्ही एकच वस्तू आहेत काय, हा प्रश्न गेल्या चैत्रात आम्ही शनिवार-रविवारची सुटी साधून मुंबईस लालबागला गेलो, तेव्हा आमच्यापुढे नव्याने उभा राहिला.

चिवडा गल्लीत पोह्यांच्या व मक्याच्या चिवड्यांचे ढीग लागले होते. मसाल्याच्या बाजारात ब्याडगी, संकेश्वरी व काश्मिरी मिरच्यांची पोती उघडी होती. दूरदूरच्या उपनगरांतून आलेल्या गृहिणी धणे-खोबरे पारखून घेत, भाजलेला जिन्नस घेऊन कांडपयंत्रापुढे आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. तिखटाच्या खकाण्याने आमच्या डोळ्यांना धारा लागल्या. दुसऱ्या दिवशी एका मालवणी खाणावळीत तळलेली सुरमई, भात व सोलकढी असे पोटभर जेवलो, पैसे दिले आणि बाहेर पडलो. व्यवहार पुरा झाला होता. मन मात्र पुरे झाले नव्हते.

त्याचे कारण जुने होते. १९८८ साली विद्यार्थी असताना आम्ही याच भागातील एका चाळीत एका बाईंच्या खाणावळीत जेवत असू. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपाने सुमारे अडीच लाख कामगारांची चूल विझविली. बाईंचे बहुतेक मेंबर गावी गेले ते परतलेच नाहीत. अशा पडत्या काळात आमची शिष्यवृत्ती दोन महिने लांबली. आम्ही ओशाळून म्हणालो, "मावशी, उद्यापासून येत नाही." त्या उत्तरल्या, "भात काय तुझ्या स्कॉलरशिपवर शिजतो? बस पानावर." पुढे आम्ही पैन् पै चुकती केली, आणि पुन्हा त्या जिन्याची पायरी चढलो नाही. हिशेब मिटला होता ना! परवा मुद्दाम ती चाळ शोधली. तेथे आता उत्तुंग इमारत आहे, आणि पहारेकऱ्याला मावशींचे नावही ठाऊक नाही.

यावर कोणी म्हणेल, अशा बायांना अन्नपूर्णा म्हणून हात जोडावे म्हणजे झाले. आम्हांस ही भक्ती संशयास्पद वाटते. महिनाअखेरपर्यंत उधारीवर कामगारांना जेवू घालणाऱ्या या स्त्रिया स्वतः वाणी-सावकारांच्या कर्जात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे त्यांच्या मानेवरचा फास सैल झाला. ज्याला रास्त दाम द्यावयाचे नसते, तोच पुष्कळदा स्तुतीचे हार घेऊन पुढे येतो. म्हणून दाम हे आधी. कृतज्ञता ही दामाची जागा घेऊ शकत नाही.

परंतु दाम पदार्थाचे असते. मावशींनी जे दोन महिने थांबून दिले, त्या विश्वासाला भाव नव्हता. आणि ज्याला भावच नाही त्याची फेड नाण्याने होणार कशी? ती ज्याचे त्याला परत करूनही होत नाही, हे त्या इमारतीपुढे उभे राहिल्यावर आम्हांस कळले. आपल्यासाठी कोणी थांबले, तर आपणही दुसऱ्या कोणासाठी थांबावे, एवढीच वाट उरते. आमच्या वर्गात शुल्क थकलेली मुले दरवर्षी असतात. आजवर त्यांची नावे आम्ही नियमाप्रमाणे बिनचूक वाचून दाखवीत आलो. यंदा ती वाचण्यापूर्वी त्या जिन्याची आठवण होईल. आणि तशी न झाली, तर मावशींकडचे आमचे खाते अजून थकलेलेच आहे, असे वाचकांनी खुशाल समजावे.