पान रचायचं कुणी?

ट्विटरने २०१० साली आपलं संकेतस्थळ नव्याने बांधलं, तेव्हा एक काम न सांगता वापरणाऱ्यांच्या गळ्यात घातलं. सर्व्हरकडून तयार पान येणं बंद झालं. येऊ लागला तो जवळजवळ रिकामा सांगाडा आणि सोबत जावास्क्रिप्टचा भारा. तो उतरवून घ्यायचा, चालवायचा, मजकूर मागवायचा आणि मग पान उभं करायचं, हे सगळं ब्राउझरच्या माथी. २०१२च्या मे महिन्यात ट्विटरने हे काम पुन्हा सर्व्हरकडे घेतलं आणि पान पहिल्यांदा उघडायला लागणारा वेळ एक-पंचमांशावर आल्याचं जाहीर केलं. त्यांनी मोजला होता तो पहिलं ट्वीट डोळ्यांना दिसेपर्यंतचा वेळ. सर्व्हर किती चपळ, हा हिशेब कंपनीच्या सोयीचा. ताटकळणाऱ्याला त्याचं काय?

गॉकर या संकेतस्थळांच्या समूहाला हाच धडा जरा जास्त महाग पडला. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांच्या नव्या रचनेतलं जावास्क्रिप्ट बिघडलं आणि लेख सर्व्हरवर शाबूत असूनही वाचकांना कोरी पानं दिसली.

तेव्हा काम परत घ्यायचं हे ठरलं, तरी ते करणार कोण? पुष्कळ कंपन्यांचे जुने सर्व्हर रुबी किंवा पीएचपीत लिहिलेले, आणि पानाचे घटक मात्र जावास्क्रिप्टमध्ये. एअरबीएनबीने २०१६मध्ये ‘हायपरनोव्हा’ ही सेवा सर्वांसाठी खुली केली ती या अडचणीवर. रुबीचा सर्व्हर घटकाचं नाव आणि माहिती नोडवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेवर, चालणाऱ्या या स्वतंत्र सेवेला पाठवतो. ती एचटीएमएल रचून परत देते. यातली खरी हुशारी पुढेच आहे. सेवा कोलमडली, तर सर्व्हर नुसता सांगाडा आणि माहिती पाठवतो, पान ब्राउझर रचतो. म्हणजे ही सेवा आपल्यावाचून काही अडू नये, अशा बेताने बांधलेली.

मात्र ही सोय फसवीही आहे. सेवा मध्यरात्री बंद पडली तरी संकेतस्थळ चालूच राहतं. तक्रार येत नाही, कुणाला जाग येत नाही. फक्त स्वस्त फोनवाल्यांची पानं सावकाश उघडू लागतात. त्यामुळे किती पानं सेवेने रचली आणि किती ब्राउझरवर ढकलली गेली, याची मोजणी पहिल्या दिवसापासून लागते.

नोडचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. एका वेळी हजारो जोडण्या सांभाळण्यात तो वाकबगार, कारण त्यातला बराचसा वेळ वाट पाहण्यातच जातो. पान रचणं मात्र निव्वळ प्रोसेसरचं काम. घटकांपासून पान रचणाऱ्या रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं जुनं, सरळ फंक्शन एकदा सुरू झालं की संपेपर्यंत त्या प्रोसेसमध्ये दुसरं काही हलत नाही. त्याच प्रोसेसमध्ये लावलेला टाइमआउटही तोवर खोळंबून राहतो! म्हणून मुदत पान मागणाऱ्या सर्व्हरने ठरवायची, आणि प्रोसेसरच्या गाभ्यांइतक्या प्रोसेस चालवून प्रत्येकीपुढची रांग आखूड ठेवायची.

याहून घातक चूक सवयीतून होते. ब्राउझरमध्ये टॅब एकाच माणसाचा असतो, त्यामुळे त्याचं नाव जागतिक चलात (ग्लोबल व्हेरिएबलमध्ये) ठेवलं तरी खपून जातं. तोच कोड सर्व्हरवर गेला की एकच प्रोसेस शेकडो जणांची पानं रचते आणि एकाचं नाव दुसऱ्याच्या पानावर उमटू शकतं. चाचणी करणारा प्रोग्रामर एकटाच असतो. त्याला हे दिसणार कसं?

मराठी पानांच्या वाट्याला आणखी एक खास घोळ आला. आकडा मराठी पद्धतीने दाखवायला सांगितला, की क्रोम ‘१,२३,४५६’ असा देवनागरीत छापतो. नोडच्या १२व्या आवृत्तीपर्यंत नेहमीच्या संचात भाषांची माहिती फक्त इंग्रजीची होती. पूर्ण संच २०१९मध्ये १३व्या आवृत्तीपासून आला. तोपर्यंत सर्व्हर इंग्रजी आकडे पाठवायचा, ब्राउझर देवनागरी काढायचा आणि दोन्हींचा ताळा घेताना रिॲक्ट कुरकुरायचं. तारखांचं दुखणं तर अजूनही आहे. सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर असेल, तर मुंबईत पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस असतो.

इतका खटाटोप सगळ्यांनीच करावा असं मुळीच नाही. लॉगिनमागे दडलेल्या, दिवसभर उघड्या राहणाऱ्या कचेरीतल्या कामाच्या पानाला सुरुवातीचे दोन सेकंद जास्त लागले तर काही बिघडत नाही. छापून झालेली बातमी सहसा फारशी बदलत नाही. तिचं पान एकदा रचून साठवून ठेवलं की पुरतं. उरतात ती प्रत्येक मागणीगणिक बदलणारी, आणि अनोळखी माणूस शोधातून थेट येऊन धडकतो अशी पानं: अमुक तारखांना रिकाम्या असलेल्या खोल्या, अमुक गावच्या गाड्यांची तिकिटं. एअरबीएनबीचा धंदाच असल्या पानांवर उभा आहे. असली पानं मोजकीच असलेल्या कंपनीने आधी ती वेगळी काढावीत आणि सेवा तेवढ्यांपुरतीच बसवावी.